हात धुणारा

नोव्हेंबरात लंडनच्या टोकाला, आमच्या पिनरला, दुपार अशी उरतच नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीतलं काम आटोपून मी मेट्रोपॉलिटन लाइनने घरी पोचते तेव्हा रस्त्यावरचे दिवे कधीचे लागलेले असतात. त्या दिवशी दार उघडलं तर घरात अंधार होता आणि बाबा स्वयंपाकघरातल्या मागच्या दाराच्या काचेला कपाळ टेकून उभे होते. काठी फरशीवर पडली होती. मी कोट न काढताच आधी ती उचलली आणि त्यांच्या हातात दिली. ते वळले नाहीत.

"हात धुतोय," ते म्हणाले.

"कोण?"

त्यांचे ओठ हलले. शब्द येत नाही असं दिसलं की मी थांबते. तसं थांबायला मला शिकवलं होतं. शेवटी त्यांनी काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "तो. हात धुणारा."

मी बाहेर पाहिलं. आमच्या आणि शेजारच्या बाईंच्या बागेमधल्या कुंपणाची एक फळी वादळात पडली होती. त्या फटीतून त्यांचं छोटं तळं दिसायचं. त्या वेळी तिथे नुसता काळोख होता. मी बरं म्हटलं, दिवा लावला आणि तांदूळ धुवायला घेतले. त्या दिवसांत मी बऱ्याच गोष्टींना नुसतं बरं म्हणत असे.

आई गेल्यावर मी बाबांना नागपूरहून इकडे आणलं, तेव्हा इथले व्हिसाचे नियम इतके आवळले नव्हते. ते बँकेतून निवृत्त झाले होते, पण खरं म्हणजे ते बोलणारे गृहस्थ. बाबासाहेबांच्या विचारांवर गावोगाव जाऊन बोलायचे, वस्तीतल्या वाचनालयात रविवारी मुलांना जमवायचे. इथे आल्यावरही सहा महिन्यांत त्यांनी आपली माणसं शोधून काढली. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बैठकीच्या खोलीत वंदना आणि मग तासभर बाबांचं भाषण, असं वर्षानुवर्षं चाललं.

मग मागच्या वसंतात त्यांना स्ट्रोक आला. चालणं बऱ्यापैकी परत आलं. गेली ती नावं. वस्तू कळायची, तिचा उपयोग कळायचा, नाव तेवढं हाताला लागायचं नाही. चष्मा म्हणजे "बघायचं". किल्ली म्हणजे "उघडायचं". दुपारी त्यांना जेवायला घालायला येणारी केअरर म्हणजे "ती वाढणारी". स्पीच थेरपिस्टने सांगितलं, हे चांगलं लक्षण आहे, नाव आठवत नसेल तर ती वस्तू काय करते ते सांगू द्या. मी मान डोलावली. रोज संध्याकाळी तासभर अशा भाषेत संसार करायला किती बळ लागतं, हे तिला सांगून काय उपयोग होता?

त्या आजारपणातली एक गोष्ट मी बरेच दिवस कुणाला सांगितली नव्हती. पहिल्या सकाळी वॉर्डमधल्या नर्सने बाबांना नाव विचारलं. त्यांनी लगेच सांगितलं, न अडखळता. नर्सने मनगटावरची पट्टी पाहिली, माझ्याकडे पाहिलं. ते नाव पट्टीवर नव्हतं. मी ते आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. नागपूरला आत्याला फोन लावला तर तिने आधी खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाली, ते त्याचं लहानपणीचं नाव. गावाने ठेवलेलं. आपल्या पोरांना तेव्हा अशीच नावं ठेवायचे, केराची, शेणाची. घरच्यांनी दीक्षा घेतल्यावर त्याने मॅट्रिकच्या आधी स्वतःच स्वतःचं नाव निवडलं आणि जुनं नाव कुणी उच्चारलं तर तो तिथून उठून जायचा.

मी फोन ठेवला आणि आत जाऊन त्यांच्या पायाशी बसले. झोपले होते.

तर हात धुणारा. तो पुढच्या आठवड्यातही आला, त्याच्या पुढच्याही. बाबा रोज अंधार पडताना काचेशी जाऊन उभे राहायचे आणि मी आले की सांगायचे. कधी तो हात धुवायचा, कधी नुसताच पाण्यात हात घालून बसायचा. "माणसासारखा?" मी विचारलं. नाही, असं त्यांनी मानेने सांगितलं, आणि गुडघ्याएवढ्या उंचीवर हात धरून दाखवला. तोंडावर बोटांनी डोळ्यांभोवती काहीतरी फासल्यासारखं केलं. माझी मुलगी केंब्रिजला शिकते. रविवारच्या फोनवर मी तिला हे सांगितलं.

"मम्मा, आबाजीने फॉक्स बघितला असेल. इकडे पण असते खूप," ती म्हणाली.

"कोल्हा हात धुतो का?"

"मग मांजर असेल." तिला लायब्ररीत जायची घाई होती.

डिसेंबरच्या सुरुवातीला मेमरी क्लिनिकची अपॉइंटमेंट होती. डॉक्टर तरुण होती, समजूतदार होती, घाईत होती. नेहमीचे प्रश्न झाल्यावर तिने विचारलं, नसलेल्या गोष्टी दिसतात का? बाबांचं इंग्रजी मराठीच्या आधी गेलं होतं, म्हणून दुभाषी मीच. मी प्रश्न मराठीत सांगितला.

"नसलेली नाही," बाबा म्हणाले. "आहे."

मी तेही जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. मग तिने मला विचारलं, घरी काय अनुभव आहे. मला सांगावं लागलं. तळं, हात, डोळ्यांभोवतीचा काळा रंग. ती लिहीत होती. नंतर म्हणाली, संध्याकाळसाठी एक कमी डोसची गोळी सुरू करू या, त्रास कमी होईल.

ती गोळी मी दिवसभर पिशव्यांत भरून देते. ती घेणारे म्हातारे खुर्चीत कसे बसलेले असतात, हेही मी पाहिलेलं आहे. मी म्हटलं, त्यांना काही त्रास होत नाही, ते फक्त बघतात. ख्रिसमसपर्यंत थांबू या का? तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि हो म्हणाली. माझा बाबांवर विश्वास बसला होता असं नाही. पण नवी गोळी सुरू केली की माणूस पडतो का, जेवतो का, किती झोपतो, यावर डोळा ठेवावा लागतो, आणि तो ठेवणारी घरात मी एकटीच होते. आणखी एका गोष्टीवर डोळा ठेवायची ताकद माझ्यात नव्हती.

परतताना बाबा बसमध्ये खिडकीबाहेर बघत होते. मध्येच म्हणाले, "तुला वाटतं, मी..." आणि कपाळाजवळ बोट फिरवलं.

"नाही बाबा," मी म्हटलं. ते पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागले.

त्यानंतरच्या शनिवारी सकाळी बेल वाजली. शेजारच्या बाई होत्या. ऐंशीच्या पुढच्या, एकट्या राहणाऱ्या, आमच्याशी कुंपणावरून गुलाबांपुरतं बोलणाऱ्या. ड्रेसिंग गाऊनवर त्यांनी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घातले होते. त्यांनी आधी सकाळी सकाळी आल्याबद्दल माफी मागितली, मग हवेबद्दल थोडं बोलल्या आणि मग विचारलं, आमच्याकडे एखादं लहान मूल आलंय का राहायला?

नाही म्हटल्यावर त्या गोंधळल्या. त्यांच्या तळ्यातले मासे महिनाभर कमी होत होते. बगळा असेल म्हणून त्यांनी वर जाळी टाकली, तर कुणीतरी जाळीची गाठ सोडली. सोडली, तोडली नाही. आणि आज काठावरच्या चिखलात हात उमटले होते.

मी त्यांच्याबरोबर गेले. खरंच हात होते. रांगत्या मुलाने तळवे टेकवावेत तसे, फक्त बोटं जास्त लांब आणि बारीक. पाच पाच, स्वच्छ उमटलेली. मी वाकून बघत होते तेवढ्यात मागे काठीचा आवाज आला. पडलेल्या फळीच्या जागेतून बाबा येत होते, पायात घरातल्या सपाता. त्यांनी ठशांकडे पाहिलं. मग हळूहळू, माझ्या खांद्याचा आधार घेत खाली वाकले आणि आपला पंजा त्या हाताशेजारी चिखलात टेकवला.

"सांगितलं होतं," ते म्हणाले.

कित्येक महिन्यांत त्यांच्या तोंडून इतकं साफ वाक्य मी ऐकलं नव्हतं. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय म्हणाले? मी सांगितलं. त्या बाबांकडे बघून म्हणाल्या, मग यांनाच विचारायला हवं होतं मी.

फोटो काढून मी मुलीला पाठवला. दुपारी तिने व्हिडिओ कॉल केला. फोन बाबांच्या समोर टेबलावर उभा केला आणि मी बाजूला बसले.

"आबाजी, तुम्ही राइट होते," ती म्हणाली. "तो रॅकून आहे. अमेरिकाचा प्राणी. इंग्लंडमध्ये नसते. कुणीतरी घरात ठेवला असणार, मग पळाली."

तिने चित्र दाखवलं. राखाडी अंग, शेपटीवर पट्टे, डोळ्यांवरून काळी पट्टी ओढलेली. बाबांनी फोन जवळ घेतला आणि खूप वेळ पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "रॅकून म्हणजे?"

"म्हणजे रॅकून. हेच."

"अर्थ. अर्थ काय?"

हा त्यांचा जुना स्वभाव. अर्थ कळल्याशिवाय ते नाव मान्य करत नसत. हिच्या जन्माच्या वेळी त्यांनी आठवडाभर सगळ्यांनी सुचवलेली नावं परतवून लावली होती, हे गोड आहे पण याला अर्थ नाही, याला अर्थ आहे पण तो आपल्याला नको. पोरगी कॉम्प्युटरवर शोधायला लागली. मग वाचता वाचता माझ्याकडे वळली. "मम्मा, स्क्रबला काय म्हणायचं? आणि स्क्रॅच?"

"घासणं. चोळणं. खरवडणं."

"हां. तर, जो हाताने घासते, चोळते, खरवडते, तो. तसा आहे अर्थ."

पुढचं तिने इंग्रजीत सांगितलं आणि मी बाबांना मराठीत. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर जे लोक आधीपासून राहत होते, त्यांचा हा शब्द. इंग्रज जहाजांतून उतरले, त्यांनी हे जनावर पहिल्यांदा पाहिलं आणि तिथल्यांना नाव विचारलं. जे कानावर पडलं ते त्यांनी लिहून घेतलं, प्रत्येकाने वेगळं. मूळ शब्द लांब होता. तो इंग्रजांच्या तोंडात झिजत झिजत एवढासा राहिला. ज्यांचा तो शब्द होता त्यांची भाषा आता घरात कुणी बोलत नाही. जर्मन लोकांनी आपलं वेगळं नाव ठेवलं, धुणारं अस्वल.

बाबा ऐकत होते. मला वाटलं त्यांना झोप येतेय, पण त्यांनी विचारलं, "कुणी ठेवलं? पहिलं?"

"तिथल्या लोकांनी. इंग्रजांच्या आधीच्या."

"बघून ठेवलं," ते म्हणाले. "काय करतो, ते बघून." त्यांनी थोडा दम घेतला. "आपलं... न बघता."

मुलीला कळलं नाही. ती म्हणाली, काय म्हणतात आबाजी? मी नंतर सांगते म्हणणार होते. पण बाबांनी हात वर केला आणि मला थांबवलं. मग त्यांनी नातीला आपलं लहानपणीचं नाव सांगितलं. नर्सला सांगितलं होतं तसंच, न अडखळता, पण या वेळी ते काय करताहेत हे त्यांना माहीत होतं.

"हे कोणाचं नाव?" तिने विचारलं.

"माझं."

"मीनिंग काय त्याचं?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी अर्थ सांगितला. तो सांगताना माझी नजर टेबलावर होती. पडद्यावर तिचा चेहरा थांबल्यासारखा दिसला, मला वाटलं इंटरनेट गेलं. मग ती म्हणाली, "कोणी ठेवला?"

"गावाने," बाबा म्हणाले. "मी... काढलं." आणि शर्टावरचा धागा उचलून टाकावा तसा हात केला.

चहा झाला, मुलीने फोन ठेवला. संध्याकाळी तिचा मेसेज आला, तिला आबाजींनी स्वतः निवडलेल्या नावाचा अर्थ हवा होता. मी लिहून पाठवला.

सोमवारी मी हॉस्पिटलमधून जेवणाच्या सुट्टीत कौन्सिलला फोन केला. तिथून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. शेवटी प्राण्यांना सोडवणाऱ्या एका संस्थेचा माणूस यायला तयार झाला. तो पिंजरा घेऊन आला, तळ्याजवळ ठेवला, आत कुत्र्याचं खाणं आणि वर एक गोड बिस्किट. जाताना त्याने आम्हाला दोघींना नियम समजावून सांगितला. हा परदेशी प्राणी. एकदा पकडला की त्याला इथे पुन्हा मोकळं सोडता येत नाही. परवान्याशिवाय कुणी पाळूही शकत नाही. परवाना असलेल्या एखाद्या ठिकाणी जागा मिळाली तर ठीक, नाहीतर... तो थांबला आणि मग हळू आवाजात म्हणाला, त्याला शांतपणे झोपवावं लागेल.

शेजारच्या बाईंचा चेहरा उतरला. माशांचं एवढं काही नाही हो, त्या म्हणाल्या, असे मासे बाजारात मिळतात. पण पिंजरा लागला होता.

बाबांना मी घरी येऊन सांगितलं. त्यांच्यापासून लपवायचं तर आधी मला काहीतरी रचावं लागलं असतं, आणि तेवढी मी शिल्लक नव्हते.

"जागा मिळाली नाही तर मारतील, बाबा."

"काहून?" थकले की ते असं गावाकडचं बोलतात.

"इथला नाही म्हणून."

ते खुर्चीत मागे टेकले. टीव्ही चालू होता, त्यावर कुणीतरी घर विकत घेत होतं.

बुधवारी सकाळी उजाडता उजाडता शेजारच्या बाईंनी खिडकीवर टकटक केली. पिंजऱ्यात तो बसला होता. मला वाटलं होतं त्याहून मोठा, जाड, म्हातारा. मी कामावर उशीर होणार म्हणून कळवलं. संस्थेचा माणूस आला तोवर आम्ही तिघं तळ्याकाठी उभे होतो, बाबा माझ्या जुन्या थंडीच्या कोटात. तो प्राणी ओरडत नव्हता, धडका मारत नव्हता. गजांमधून दोन्ही हात बाहेर काढून त्याने बाईंच्या ड्रेसिंग गाऊनचा पट्टा पकडला होता आणि तो बोटांनी सावकाश तपासत होता. बघत मात्र भलतीकडेच होता.

त्या माणसाने टॉर्च लावून त्याचे डोळे पाहिले. दोन्हींवर दुधासारखा पडदा होता. याला जवळजवळ दिसत नाही, तो म्हणाला. पाळलेला असणार वर्षानुवर्षं, नखं कापलेली दिसतात. मग म्हातारा झाला, जड झाला, आणि कुणीतरी दार उघडं ठेवलं. बाबा त्याला हात धुण्याबद्दल विचारायला धडपडत होते, म्हणून मी विचारलं. तो म्हणाला, ते धुतात असं लोकांना वाटतं. खरं तर चाचपतात. पाण्यात हात ओले झाले की बोटांना जास्त कळतं. मासा कुठे, दगड कुठे, सगळं हातांनीच बघायचं.

मी ते मराठीत सांगितलं. बाबांनी मान हलवली. मग काठी पुढे केली, तिचं रबरी टोक गजांशी नेलं आणि माणसाकडे पाहिलं. त्याने चालेल म्हणून खूण केली. रॅकूनने पट्टा सोडला, ते टोक दोन्ही हातांत धरलं आणि सगळीकडून चाचपलं, खालून, बाजूने, जिथे रबर लाकडाला मिळतं तिथे पुन्हा पुन्हा. बाबांनी काठी मागे घेतली नाही. बराच वेळ ते तसेच उभे होते. मला ट्रेन चुकल्याचं आठवत होतं आणि तरी मी तिथेच उभी राहिले.

पिंजरा व्हॅनमध्ये चढवल्यावर शेजारच्या बाई आत जाऊन फोनला बसल्या. या बाई पूर्वी शाळेत मुख्याध्यापिका होत्या, हे मला तेव्हा कळलं. दिवसच्या दिवस त्या निरनिराळ्या ठिकाणी फोन करत होत्या, नम्रपणे, न थांबता. ख्रिसमसच्या आदल्या दिवशी त्या सुक्या मेव्याच्या गोड सारणाचे मिन्स पाय घेऊन आल्या. उत्तरेकडे एक परवाना असलेली जागा होती, तिथे असाच एक म्हातारा होता, त्याच्या शेजारी याला घेतलं होतं. तो दिवसभर पेंढ्यात झोपतो, उठला की खातो, पुन्हा झोपतो, असं त्यांनी सांगितलं. मला त्याचा थोडा हेवा वाटला.

बाबांना मी सांगितलं, जागा मिळाली. त्यांनी दोन मिन्स पाय खाल्ले.

क्लिनिकला कळवलं तेव्हा डॉक्टर आधी हसली, मग तिने माफी मागितली, आणि गोळीचा विषय संपला. बाकी फार काही बदललं नाही. बाबांचे शब्द परत आले नाहीत. उलट जानेवारीत आणखी काही गेले. फेब्रुवारीत मी मॅनेजरला विचारून आठवड्यातला एक दिवस कमी करून घेतला. ती म्हणाली, मी वाटच बघत होते तू कधी विचारतेस.

पहिल्या सुट्टीच्या गुरुवारी बाबांना वेम्बलीच्या भारतीय बाजारात न्यायचं, ताजी भाजी आणायची, त्यांच्या जुन्या मित्रांकडे जायचं, असं मी पुष्कळ ठरवलं होतं. दुपारचं जेवण झाल्यावर मी दोन मिनिटं म्हणून सोफ्यावर टेकले. जाग आली तेव्हा खोलीत पूर्ण अंधार होता. कुठे आहे तेच कळेना. मग समोरच्या खुर्चीत बाबा बसलेले दिसले, अगदी ताठ, हात मांडीवर. माझी झोप मोडेल म्हणून ते दिवा न लावता तसेच बसून राहिले होते.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"नाही झाली, बाबा," मी म्हटलं आणि उठून दिवा लावला.